सूक्ष्मनियंत्रक व हस्तधारी साधनांवरील उच्चस्तरीय संगणक भाषा : पवई येथील प्रयत्न

सूक्ष्मनियंत्रक म्हणजे मायक्रोकंट्रोलर, तसेच टॅब्लेट, मोबाइल फोन यांसारखी हस्तधारी साधने यांवर उच्चस्तरीय भाषेतील आज्ञावल्या चालविण्याचे तंत्र. विशिष्ट यंत्राच्या अंतर्रचनेशी फारसा संबंध न ठेवता माणसाच्या विचारपद्धतीच्या जवळ जाणारी जी संगणक भाषा, तिला उच्चस्तरीय भाषा म्हणतात. फोर्ट्रान, बेसिक, सी, सायलॅब, पायथन ही तिची काही उदाहरणे होत. मोठ्या संगणकात अशा भाषेला लागणारी स्मृती व वेग मुबलक असतात. लहान साधनात नेमक्या याच दोन गोष्टी तुटपुंज्या असतात. त्यामुळे भाषेचा भार कोठे ठेवावयाचा, प्रत्यक्ष साधनात की त्याला जोडलेल्या दुसऱ्या संगणकात, हा या तंत्रातील मूळ प्रश्न आहे. मुंबई उपनगर जिल्ह्यातील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत (आयआयटी, मुंबई) २००९ नंतरच्या काळात या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे शोधली गेली. देशातील सामान्य महाविद्यालयांतील विद्यार्थ्याला, महाग संगणक व महाग आज्ञावल्या यांवाचून, स्वतः आज्ञावली लिहून एखादे यंत्र चालविता यावे हा या प्रयत्नांमागील समान हेतू होता.

तांत्रिक स्वरूप : कोणत्याही संगणकाला प्रत्यक्षात कळते ती केवळ यांत्रिक भाषा. उच्चस्तरीय भाषेतील मजकूर तिच्यात उतरविण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. पहिलीत संपूर्ण मजकुराचे आधीच भाषांतर करून ठेवतात. हे काम कंपायलर ही आज्ञावली करते. दुसरीत मजकूर किंवा त्याचे संक्षिप्त सांकेतिक रूप साधनात ठेवून एकेका आज्ञेचा अर्थ लावीत ती अंमलात आणतात; हे काम इंटरप्रिटर करतो. कंपायलर मोठ्या संगणकावर चालवून केवळ त्याचे फलित लहान साधनात उतरविता येते, म्हणून ही पद्धत स्मृतीच्या दृष्टीने काटकसरीची आहे. इंटरप्रिटर मात्र स्वतःच साधनात राहतो, जागा अडवितो व अंमलबजावणी मंदावतो. याच्या मोबदल्यात तो विद्यार्थ्याला एक मोठी सोय देतो : एक ओळ लिहावी आणि तिचा परिणाम तत्काळ पाहावा.

स्मृतीच्या हिशेबातील फरक एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मेजावरील नेहमीच्या ६४-बिट संगणकात पायथन भाषा एक साधा पूर्णांक साठविण्यासाठी साधारणतः २८ बाइट जागा घेते. एटीमेगा-२५६० या सूक्ष्मनियंत्रकात आज्ञावलीसाठी २५६ किलोबाइट फ्लॅश स्मृती असते, पण आकडेमोडीच्या वेळी वापरावयाची कार्यकारी स्मृती म्हणजे रॅम अवघी ८ किलोबाइट, म्हणजे ८,१९२ बाइट असते. वरील रीतीने ठेवल्यास तीनशे पूर्णांकही तीत मावणार नाहीत. सी भाषेत मात्र याच सूक्ष्मनियंत्रकावर एका पूर्णांकाला सामान्यतः दोन बाइट पुरतात.

पूर्वेतिहास : मोठ्या संगणकांच्या युगातही स्मृती दुर्मिळच होती. आयबीएम या कंपनीने १९५७ मध्ये फोर्ट्रान ही भाषा प्रसृत केली, आणि मुंबईत कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आल्यावर भारतीय वैज्ञानिकांना ती मोठ्या प्रमाणावर वापरता येऊ लागली. या प्रकारच्या संगणकाच्या स्मृतीचे एकक ४८ बिटांच्या ३२,७६८ शब्दांचे, म्हणजे आजच्या परिभाषेत १९२ किलोबाइटांचे होते. हे यंत्र ठेवण्यास वातानुकूलित दालन लागे. सुमारे पन्नास वर्षांनी तेवढीच कार्यकारी स्मृती बोटाच्या पेराएवढ्या चिपेत मावू लागली, आणि तेव्हाच सूक्ष्मनियंत्रकावर पायथनसारखी भाषा चालविणे व्यवहार्य ठरले.

मधल्या काळातील साधने अगदीच लहान होती. इंटेल कंपनीच्या ८०४८ (१९७६) या सूक्ष्मनियंत्रकात १ किलोबाइट आज्ञावली-स्मृती व ६४ बाइट रॅम होती. ८०५१ (१९८०) मध्ये त्या अनुक्रमे ४ किलोबाइट व १२८ बाइट झाल्या. अशा चिपांसाठी आज्ञावल्या बहुधा यांत्रिक भाषेला अगदी जवळच्या असेंब्ली भाषेत लिहीत. तरीही उच्चस्तरीय भाषा चिपेतच बसविण्याचे प्रयत्न लवकर सुरू झाले. इंटेलनेच ८०५२ या चिपेच्या ८ किलोबाइट कायम स्मृतीत बेसिक भाषेचा इंटरप्रिटर घालून ती विक्रीस आणली. अमेरिकेतील पॅरॅलॅक्स या कंपनीच्या बेसिक स्टँप (१९९२) या छोट्या पट्टिकेत विद्यार्थ्याची आज्ञावली सांकेतिक रूपाने केवळ २५६ बाइट जागेत राहत असे. नॉर्वेतील ट्रॉनहेम येथील दोन विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून निघालेली व अ‍ॅटमेल कंपनीने १९९० नंतरच्या दशकात बाजारात आणलेली एव्हीआर ही चिपांची मालिका सी भाषेच्या कंपायलरची सोय पाहून आखलेली होती. पुढे पवईत वापरल्या गेलेल्या एटीमेगा चिपा याच मालिकेतील होत. इटलीतील इव्हरेआ येथे २००५ मध्ये निघालेल्या अर्डुइनो या पट्टिकेतही याच चिपा होत्या. मोबाइल फोनांच्या क्षेत्रात जावा भाषेची एक लघुआवृत्ती १९९९ मध्ये प्रसृत झाली. काही शे किलोबाइट स्मृतीच्या साधनांत ती चालत असे.

पवईची पार्श्वभूमी : मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था १९५८ मध्ये युनेस्कोच्या द्वारे सोव्हिएट संघाच्या साहाय्याने सुरू झाली. अंधेरी, घाटकोपर व मुलुंड या उपनगरांच्या मध्ये, पवई तलावाकाठी तिचा परिसर आहे. संगणकविषयक उद्योग व संशोधन या उपनगरांत लवकर रुजले होते. अंधेरीत १९७३ मध्ये सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजेच सिप्झ, स्थापन झाले. जुहू येथे १९८५ पासून राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र कार्य करू लागले. ते पुढे सी-डॅक या संस्थेत विलीन झाले.

केंद्रीय शासनाने २००९ मध्ये माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणासाठी राष्ट्रीय अभियान हाती घेतले. त्यातून पवईला अनेक प्रकल्पांसाठी अर्थसाहाय्य मिळाले. त्यांपैकी मुक्त आज्ञावल्यांचा प्रसार करणारा फॉसी, ध्वनिचित्रफितींद्वारे त्या शिकविणारा स्पोकन ट्यूटोरियल, यंत्रमानवशास्त्राचा ई-यंत्र आणि स्वस्त टॅब्लेटचा आकाश हे चार प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. मुक्त आज्ञावली म्हणजे जिचा मूळ मजकूर सर्वांना पाहता, बदलता व विनामूल्य वाटता येतो ती. अभियांत्रिकी गणितासाठी प्रचलित असलेल्या व्यापारी आज्ञावलीचा परवाना बहुतेक महाविद्यालयांना परवडत नसे. म्हणून फ्रान्समधील इन्रिया या संशोधन संस्थेत विकसित झालेली सायलॅब आणि गीडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रथम प्रसृत केलेली पायथन या भाषांवर भर देण्यात आला.

लघुतापक संच : रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने तयार झालेला हा संच म्हणजे एका लहान पेटीतील नियंत्रणशास्त्राची प्रयोगशाळा होय. यात धातूची एक पट्टी, तिच्यालगत नायक्रोम तारेचे तापक वेटोळे, तापमानसंवेदक आणि थंडाव्यासाठी लहान पंखा असतो. वेटोळ्यातील प्रवाह व पंख्याचा वेग कमीजास्त करून पट्टीचे तापमान ठरलेल्या अंकावर स्थिर राखणे हा प्रयोग. संचातील एटीमेगा-१६ या सूक्ष्मनियंत्रकाची रॅम केवळ १ किलोबाइट असल्याने सायलॅबसारखी भाषा त्यात बसविणे अशक्यच होते. म्हणून कामाची वाटणी करण्यात आली. चिपेतील सी भाषेतील आज्ञावली कायमची ठेवलेली असून तापमान मोजून पाठविणे व आलेला आदेश तापकाला आणि पंख्याला देणे एवढेच काम ती करते. नियंत्रणाचा सर्व विचार जोडलेल्या संगणकावर सायलॅबमध्ये चालतो. विद्यार्थ्याला नियंत्रणाचे सूत्र काही ओळींत मांडता येते व ते बदलण्यासाठी चिपेला हात लावावा लागत नाही.

हे संच पवईत ठेवून महाजालाद्वारे दूरच्या विद्यार्थ्यांना वापरावयास दिले गेले. ज्या महाविद्यालयात उपकरणच नाही तेथील विद्यार्थीही आपली वेळ राखून पवईतील पट्टी तापवू शकत होता. मात्र वाटणीच्या पद्धतीचा दोषही येथेच दिसून येतो. विचार एकीकडे व कृती दुसरीकडे असल्याने दोहोंमधील दुवा मंदावला, की आदेश उशिरा पोहोचतो. पट्टीचे तापमान सावकाश बदलते, म्हणून अल्प विलंब खपून जातो. वेगाने हलणाऱ्या यंत्राला तो खपत नाही.

फायरबर्ड व सी भाषा : संगणकशास्त्र विभागात कवी आर्य यांच्या मार्गदर्शनाखाली चाललेल्या ई-यंत्र प्रकल्पाला अशाच हलत्या यंत्राशी काम होते. पवईतील प्रयोगशाळा व नेक्स रोबोटिक्स ही कंपनी यांच्या सहकार्याने बनलेला फायरबर्ड-५ हा चाकांचा यंत्रमानव त्यात वापरला गेला. त्यात एटीमेगा-२५६० ही प्रमुख चिप आणि एटीमेगा-८ ही साहाय्यक चिप असते. जमिनीवरील पांढरी रेषा ओळखून तिच्यावरून चालणे, अडथळा टाळणे, चाकांच्या फेऱ्या मोजून अंतर ठरविणे ही त्याची प्राथमिक कामे होत. यंत्रमानव रेषेवरून घसरण्यापूर्वी निर्णय व्हावयास हवा असल्याने विचार दूरच्या संगणकावर सोपविता येत नाही. म्हणून येथे सी भाषेची निवड झाली : आज्ञावली संगणकावर लिहावयाची, तेथेच तिचे भाषांतर करावयाचे आणि फलित तारेने चिपेत उतरवावयाचे.

ई-यंत्र स्पर्धा २०१२ मध्ये सुरू झाली. स्पर्धकांना यंत्रमानव व शिक्षणसाहित्य पुरविले जाई, आणि सहभागी महाविद्यालयांत यंत्रमानवांच्या प्रयोगशाळाही उभारण्यात आल्या. पुढील वर्षांत काही स्पर्धाविषयांत कॅमेऱ्याने रिंगणाचे चित्र घेऊन त्याचे विश्लेषण करणे आवश्यक झाले. हे काम संगणकावर पायथनमध्ये होई व निष्कर्ष बिनतारी मार्गाने यंत्रमानवातील सी आज्ञावलीला कळविला जाई. अशा तऱ्हेने तापक संचातील श्रमविभागणी वेगळ्या स्वरूपात पुन्हा अवतरली : मंदगती निर्णय उच्चस्तरीय भाषेकडे व तत्काळ कृती सी भाषेकडे.

आकाश टॅब्लेट : स्वस्त टॅब्लेट विद्यार्थ्यांच्या हाती देण्याची केंद्रीय शासनाची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये जाहीरपणे सुरू झाली. डेटाविंड या कंपनीने पुरविलेल्या पहिल्या आकाशाचा प्रक्रियक ३६६ मेगॅहर्ट्‌झ वेगाचा व रॅम २५६ मेगॅबाइट होती. त्याच्या मंदपणाबद्दल बरीच टीका झाली. २०१२ मध्ये प्रकल्पाची जबाबदारी पवईकडे आली व दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली सुधारित आवृत्ती सिद्ध झाली. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रीय शिक्षणदिनी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. आकाश-२ मध्ये १ गिगॅहर्ट्‌झचा प्रक्रियक, ५१२ मेगॅबाइट रॅम, ४ गिगॅबाइट साठवण व ७ इंची स्पर्शपटल होते. शासनाला एक नग २,२६३ रुपयांस पडला.

या टॅब्लेटवर अँड्रॉइड ही कार्यप्रणाली होती. अँड्रॉइडवरील आज्ञावल्या मुख्यतः जावा भाषेत लिहिल्या जात. पण त्या लिहिल्या जात दुसऱ्या, मोठ्या संगणकावर. टॅब्लेटवर केवळ तयार आज्ञावली चाले. म्हणजे ज्या विद्यार्थ्याकडे हेच एक साधन असेल, तो इतरांनी लिहिलेले वाचू व पाहू शके, स्वतः आज्ञावली लिहून ती चालवू शकत नसे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही उणीव मोठी होती. संगणकाऐवजी त्याला एक चित्रमय पुस्तकच मिळाले असते.

पवईतील गटाने यावर काढलेला तोडगा तांत्रिक दृष्ट्या उल्लेखनीय आहे. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीचा गाभा असतोच. त्याच गाभ्यावर लिनक्सची एक स्वतंत्र छोटी धारिकारचना बसविली, तर तिच्यासाठी तयार असलेले कंपायलर व इंटरप्रिटर तेथे चालू शकतात. या तत्त्वावर आकाश प्रोग्रॅमिंग लॅब ही आज्ञावली तयार करण्यात आली. तिच्यात पटलावर सी, सी++, पायथन किंवा सायलॅब यांपैकी एका भाषेत मजकूर लिहावयाचा. तो आतील लिनक्सकडे जाऊन तेथे चाले व उत्तर पुन्हा त्याच पटलावर उमटे. येथे चिप व संगणक असा भेद उरला नाही : भाषा, तिचा भाषांतरक व विद्यार्थ्याची आज्ञावली ही सर्व एकाच हस्तधारी साधनात आली. स्पर्शपटलावरील कळफलकाने लांब आज्ञावली लिहिणे कष्टाचेच होते, पण ती लिहिणे प्रथमच शक्य झाले होते. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी संस्थेने देशभरातील महाविद्यालयांत दूरस्थ केंद्रे जोडली होती; त्यांच्याद्वारे टॅब्लेटच्या शैक्षणिक उपयोगाची शिबिरेही घेण्यात आली.

संस्थेमार्फत १,००,००० टॅब्लेट खरेदी करण्यात आले. ३१ मार्च २०१५ रोजी प्रकल्प समाप्त झाला. तोपर्यंत खाजगी कंपन्यांचे स्वस्त फोन व टॅब्लेट बाजारात सर्वत्र झाले होते, आणि शासकीय टॅब्लेटचे वेगळेपण फारसे राहिले नव्हते. तथापि फोनवरच लिनक्सची साधने बसवून पायथन किंवा सी चालविण्याची पद्धत आज सर्वपरिचित आहे, आणि तिची आवश्यकता पवईतील गटाने वेळीच ओळखली होती, हे नमूद करणे अगत्याचे आहे.

अर्डुइनो व मुक्त भाषा : फॉसी प्रकल्पाने पुढे तापक संचातील तत्त्व अर्डुइनो पट्टिकेला लावले. अर्डुइनो उनो हिच्यातील एटीमेगा-३२८ या चिपेची रॅम २ किलोबाइट असते. तीत एक लहान आज्ञावली एकदाच उतरवून ठेवतात. ती संगणकाकडून येणारे संकेत ऐकते व त्यांप्रमाणे दिवा लावणे, संवेदक वाचणे, मोटर फिरविणे ही कामे करते. संकेत पाठविणारी आज्ञावली सायलॅब, पायथन, जूलिया किंवा ओपनमॉडेलिका यांपैकी कोणत्याही भाषेत लिहिता येते. एकच प्रयोग या निरनिराळ्या भाषांत करून दाखविणारी पाठ्यपुस्तकेही प्रकल्पाने सिद्ध केली. स्पोकन ट्यूटोरियलच्या फितींमध्ये पडद्यावरील मजकूर इंग्रजीतच ठेवून निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत दिले जाते. त्यामुळे भाषेच्या अडचणीवरही काही अंशी मात करता आली.

या पद्धतीत एक मर्यादा उरतेच. संगणकाची तार काढली, की पट्टिका मुकी होते. शेतातील ओलावा मोजणारे किंवा पाण्याच्या टाकीवर बसविलेले उपकरण संगणकाला बांधून ठेवता येत नाही.

मायक्रोपायथन : ही मर्यादा दूर करण्याचा मार्ग पवईबाहेर निघाला. केंब्रिज येथे काम करणारे ऑस्ट्रेलियन भौतिकीविज्ञ डेमियन जॉर्ज यांनी २०१३ मध्ये लोकवर्गणीतून मायक्रोपायथन हा प्रकल्प सुरू केला. त्यांच्या पहिल्या पट्टिकेतील चिपेचा वेग १६८ मेगॅहर्ट्‌झ, फ्लॅश स्मृती १ मेगॅबाइट व रॅम १९२ किलोबाइट होती, म्हणजे वर उल्लेखिलेल्या सीडीसी ३६०० च्या स्मृति-एककाइतकीच. २५६ किलोबाइट फ्लॅश व १६ किलोबाइट रॅम असलेल्या साधनातही मायक्रोपायथन चालू शकते. यासाठी अनेक काटकसरी केल्या आहेत : लहान पूर्णांक वेगळी जागा न घेता यंत्राच्या एका शब्दातच साठविले जातात; पुनःपुन्हा येणारी नावे एकदाच ठेवली जातात; मजकुराचे संक्षिप्त सांकेतिक रूपांतर चिपेतच होते. पट्टिका संगणकाला जोडून एकेक ओळ लिहून पाहता येते, आणि आज्ञावली पूर्ण झाल्यावर तार काढली तरी ती चालत राहते.

या सोयीची किंमतही आहे. अशी आज्ञावली सी भाषेतील आज्ञावलीपेक्षा पुष्कळच सावकाश चालते. शिवाय वापरून झालेली स्मृती गोळा करण्यासाठी इंटरप्रिटर मधूनमधून क्षणभर थांबतो, आणि हा थांबा केव्हा येईल हे आज्ञावली लिहिणाऱ्यास नेमके सांगता येत नाही. तापणाऱ्या पट्टीला असा थांबा बाधत नाही. रेषेवरून वेगाने धावणाऱ्या यंत्रमानवाला तो बाधू शकतो. तथापि स्मृतीचा अडसर पुष्कळ अंशी दूर झाला आहे. २०२१ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय पिको या अल्पमोली पट्टिकेत २६४ किलोबाइट रॅम आहे.

मूल्यमापन : वरील प्रयत्नांकडे एकत्रितपणे पाहता असे दिसते, की पवईत कोणतीही नवी भाषा निर्माण झाली नाही, उपलब्ध भाषांचे स्थान मात्र प्रत्येक वेळी विचारपूर्वक ठरविले गेले. तापक संचात व अर्डुइनोत भाषा चिपेबाहेर राहिली, फायरबर्डमध्ये ती भाषांतरित होऊन आत गेली, आणि आकाशामध्ये संपूर्ण भाषाव्यवस्थाच साधनात आली. यांतील कोणतेही एक उत्तर सर्वत्र लागू पडणारे नाही. यंत्राचा वेग, स्मृतीची किंमत व दुव्याची खात्री यांवरून ते ठरते. आकाशाचा प्रकल्प मिटला आणि पट्टिकाही कालांतराने बदलल्या. परंतु विद्यार्थ्याच्या हाती दिलेल्या साधनात आज्ञावली लिहिण्याचीही सोय असली पाहिजे, हा आग्रह या सर्व प्रयत्नांत कायम राहिला. स्वस्त साधनाचे शैक्षणिक मूल्य त्याच्या किंमतीपेक्षा या कसोटीवर अधिक योग्य रीतीने जोखता येते.